क्रोम की फायरफॉक्स? ऑफिसच्या मशीनवर मी काय ठेवलं आणि का

आमच्या लाईनमधल्या दोघातिघांनी गेल्या महिन्यात हेच विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. माझं अकाउंट्स आणि टॅक्सचं छोटं ऑफिस आहे, चार मशीन आणि दिवसभर ब्राउझरमध्येच काम. स्पीड, रॅम हे सगळं सोडून देतो, तो वाद सगळ्यांना पाठ आहे. प्रश्न एवढाच की ब्राउझरमध्ये सापडणाऱ्या सिक्युरिटी होल्सपासून कुठला ब्राउझर आपल्याला जास्त वाचवतो. क्लायंटचे पॅन, बँकेचे डिटेल्स, पासवर्ड सगळं तिथूनच जातं ना.

कोणात होल्स कमी, या वादात पडू नका असं माझं मत. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी इमेज उघडणाऱ्या लायब्ररीत होल निघालं, नुसता फोटो दाखवताना घात होऊ शकत होता, आणि ती लायब्ररी दोघंही वापरत होते. क्रोमचा पॅच, म्हणजे होल बुजवणारं अपडेट, ११ तारखेला आला, फायरफॉक्सचा १२ ला. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये एकट्या फायरफॉक्समध्ये होल सापडलं आणि त्याचा गैरवापरही सुरू झालेला होता, ईसेट या सिक्युरिटी कंपनीने मोझिलाला, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्यांना, कळवलं आणि साधारण एका दिवसात दुरुस्त व्हर्जन १३१.०.२ आलं. क्रोम तर ऑगस्ट २०२३ पासून दर आठवड्याला सिक्युरिटी अपडेट काढतो. म्हणजे दोघांकडूनही पॅच वेळेवर निघतो. तो आपल्या मशीनवर बसतो कधी, खरी गोम तिथे आहे.

आणि इथेच माझं डोकं फिरलं. क्रोम अपडेट गुपचूप उतरवून ठेवतो पण रीलाँच केल्याशिवाय, म्हणजे बंद करून परत उघडल्याशिवाय, जुनंच व्हर्जन चालू राहतं. उजव्या कोपऱ्यातली खूण आधी हिरवी, मग नारिंगी, आणि आठवडा उलटला की लाल. माझ्या असिस्टंटच्या मशीनवर ती लालच असायची, मी विचारलं तर म्हणाली, "सर, ते दाबलं की उघडलेले क्लायंट जातात, परत सगळ्यांचं लॉगिन आणि ओटीपी." तिचं चुकत नव्हतं. एकाच पोर्टलवर एका वेळी दोन क्लायंट उघडायचे तर एक साध्या विंडोत आणि दुसरा इन्कॉग्निटोत, कारण इन्कॉग्निटोच्या सगळ्या विंडो मिळून लॉगिन एकच धरतात, तिसरा आला की नवीन प्रोफाइल बनवा. आणि रीलाँच केलं की साधे टॅब परत येतात, इन्कॉग्निटो येत नाही. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी ही जीएसटीची रिटर्न्स भरायची शेवटची मुदत, त्या दिवसांत ते बटण कोण दाबणार? संध्याकाळी लॅपटॉपचं झाकण बंद, सकाळी उघडला की तोच क्रोम तिथूनच पुढे. एकदा अबाउट क्रोममध्ये जाऊन बघितलं तर व्हर्जन जवळपास महिनाभर मागे. म्हणजे चार वेळा पॅच आला आणि चारही वेळा आमच्या दारातच पडून राहिला.

फायरफॉक्समध्ये मोझिलाचंच मल्टी-अकाउंट कंटेनर्स नावाचं एक्स्टेन्शन आहे. प्रत्येक क्लायंटला एक कंटेनर, टॅबवर रंगाची रेघ, कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणारी नोंद) वेगळ्या, त्यामुळे पाच क्लायंट एकाच विंडोत शेजारी शेजारी. रीस्टार्ट केलं की टॅब आपापल्या कंटेनरमध्ये परत येतात. पोर्टलने टाइमआउट दिला तर लॉगिन परत करावं लागतं, ते कुठेही लागणारच, पण कोण कुठे होतं हे शोधत बसावं लागत नाही. कंटेनर होल बुजवतो असं मी म्हणत नाही, तो फक्त कुकीज वेगळ्या ठेवतो. पण त्याच्यामुळे रीस्टार्टची भीती गेली आणि रीस्टार्टची भीती गेली की पॅच बसतो. शिवाय विंडोजवर २०२१ पासून फायरफॉक्स बंद असला तरी मागच्या मागे अपडेट होतो, रात्री बंद करून गेलात तर सकाळी नवीनच उघडतो. उघडा ठेवला तर मात्र त्यालाही रीस्टार्ट लागतोच.

क्रोमवर अन्याय नको. सँडबॉक्सच्या, म्हणजे साइटचा कोड बाकी मशीनपासून वेगळा कोंडून ठेवण्याच्या बाबतीत जाणकार लोक आजही क्रोमला वरचढ मानतात, प्रत्येक साइटला वेगळी प्रोसेस देणं त्याने डेस्कटॉपवर २०१८ मध्येच सगळ्यांसाठी चालू केलं, फायरफॉक्सला २०२१ उजाडलं. अँड्रॉइडवर मी स्वतः क्रोमच ठेवलाय. एका पोर्टलवर डिजिटल सही आमच्याकडे क्रोममध्येच नीट होते, तेवढ्यासाठी प्रत्येक मशीनवर तोही आहे, आणि काम झालं की पूर्ण बंद करायचा. एक-दोन लॉगिनवर काम भागत असेल आणि तुम्ही रोज मशीन शटडाउन करत असाल तर क्रोम सोडायचं काही कारण मला तरी दिसत नाही. एज, ब्रेव्ह हेही क्रोमियमवरच, म्हणजे क्रोमच्याच पायावर बनलेले आहेत, तिथेही रीलाँचची गोष्ट तीच.

अ‍ॅड ब्लॉकरचं मात्र धरा, कारण जाहिरातीतूनच बऱ्याचदा घाण आत येते. पूर्ण यूब्लॉक ओरिजिन फायरफॉक्सवर चालतो, क्रोमवर आता त्याची लाइट आवृत्तीच उरलीय. रोजच्या वापरात मला फरक जाणवला, कदाचित तुम्हाला जाणवणार नाही.

आणि कोणाकडे अजून विंडोज ७ असेल तर त्या मशीनवर तुलनाच नको. क्रोम तिथे १०९ वर थांबला, २०२३ च्या सुरुवातीलाच. फायरफॉक्सने ११५ ईएसआरला (जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती) त्यानंतरही बराच काळ पॅच दिले, पण विंडोजच उघडं पडलेलं असताना त्याच्या भरवशावर बँकिंग करू नका, मशीन बदला.

आमच्याकडे आता रोज दुपारी जेवायला उठताना प्रत्येकाने फायरफॉक्स रीस्टार्ट करायचा असं ठरलंय, दोन मिनिटंही लागत नाहीत. परवा २० तारीख होती, तरी असिस्टंटने न सांगता केला, आठ कंटेनर उघडे होते, आठही परत आले.