सिट्रस पील कॅप्सूल ३ महिने घेतल्या, रिपोर्टसकट सांगते

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या म्हणून ज्या सिट्रस म्हणजे संत्र्या-लिंबासारख्या फळांच्या सालीच्या अर्काच्या कॅप्सूल मिळतात त्या मी पूर्ण ३ महिने घेतल्या, दिवसाला २, एकही दिवस चुकवला नाही. ५ पैकी २ स्टार.

सुरू करायच्या आधी लिपिड प्रोफाइल केलं, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६२. खाणंपिणं, चालणं मुद्दाम आहे तसंच ठेवलं, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार कसं. ३ महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, तसंच रात्रभर उपाशी राहून परत टेस्ट केली तर १५५. मी खूश, पण डॉक्टर म्हणाल्या अहो एवढं तर काही न घेताही वरखाली होतं, स्टॅटिनने (कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळ्या) साधारण ३० ते ५० टक्के उतरतं.

जाहिरातीत मोठ्या अक्षरात "संशोधनाने सिद्ध". शोधलं तर २००४ चा एक अभ्यास आहे खरा, आणि चांगलाय, पण तो हॅमस्टरवर, म्हणजे उंदरासारख्या प्राण्यावर! सालीत नोबिलेटिन, टँजरेटिन असे घटक असतात, ते त्यांच्या खाण्यात १ टक्का मिसळले आणि एलडीएल आणि व्हीएलडीएल (तसाच आणखी एक प्रकार) मिळून ३२ ते ४० टक्के कमी झालं. आता हिशोब करा, माणसाचं दिवसाचं कोरडं अन्न अर्धा किलो धरलं तर १ टक्का म्हणजे ५ ग्रॅम, तेही शुद्ध घटक. माझ्या कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम नुसता "अर्क", त्यात नोबिलेटिन किती ते बाटली उलटसुलट करून पाहिली तरी कुठ्ठेच नाही. एक फोडून बघितली, पिवळट तपकिरी पावडर, जिभेवर कडूजार, म्हणजे साल आहे एवढं नक्की. सालीतल्या पेक्टिन या तंतूचंही तेच, युरोपात त्याच्यावर कोलेस्टेरॉलचा दावा करता येतो पण दिवसाला ६ ग्रॅम पोटात जाणार असेल तरच.

हे सगळं एक वेळ चाललं असतं, पण खरा राग पुढच्या गोष्टीचा आहे. बाबांना अ‍ॅटोर्वास्टॅटिन ही स्टॅटिनची गोळी चालू आहे आणि माझं बघून त्यांनीही रोज एक घ्यायला सुरुवात केली होती, मला पत्ताच नाही. ग्रेपफ्रूट या सिट्रस फळातले काही घटक आतड्यातलं एक एन्झाइम अडवतात, मग अ‍ॅटोर्वास्टॅटिन, सिम्वास्टॅटिनसारख्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते. हेच घटक बर्गामॉट (आणखी एक सिट्रस फळ) आणि कडू संत्र्यातही असतात. आणि लेबलवर नुसतं "सिट्रस पील", फळ कोणतं ते नाही, स्टॅटिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारा अशी साधी एक ओळ नाही. कंपनीला मेल करून फळ कोणतं आणि नोबिलेटिन किती विचारलं तर उत्तर काय, "आमचं प्रॉडक्ट १०० टक्के नैसर्गिक आहे". अहो मी ते विचारलंच नव्हतं.

२ स्टार एवढ्यासाठी की गिळायला सोप्या आहेत आणि मला पित्ताचा वगैरे काही त्रास झाला नाही. बाबांच्या गोळ्यांच्या डब्यातून त्या काढून टाकल्यात, आणि मी डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी सोमवारपासून सुरू केलीये.