आजीचा वाढदिवस: देवबागची खाडी की दांडीचा किनारा?

आमच्याकडे दर वर्षी डिसेंबरात हा वाद ठरलेला. आजीचा वाढदिवस, मुंबई-पुण्याहून आलेली चौदा-पंधरा माणसं आणि रात्रीचं जेवण बाहेर. आजीची जागा ठरलेली आहे: मालवणजवळच्या देवबागला कर्ली नदीच्या खाडीकाठचं एक घरगुती हॉटेल. नातवंडांना हवा असतो मालवणातला दांडीचा किनारा, वाळूत मांडलेली टेबलं आणि समोर सिंधुदुर्ग किल्ला. आम्ही दोन्हीकडे जेवलोय आणि दोन्हीकडे फसलोयही. म्हणून तुमच्या घरी असाच प्रश्न पडला असेल तर मेनूकार्ड सगळ्यात शेवटी बघा. जेवण दोन्हीकडे मालवणीच आहे. फरक पडतो तो पाण्याचा.

देवबाग म्हणजे जमिनीची चिंचोळी पट्टी. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि दक्षिणेच्या टोकाला दोघांचा संगम. त्यामुळे खाडीकाठचं हॉटेल पूर्वेकडे तोंड करून बसतं. सूर्य मावळतो तो तुमच्या पाठीमागे, माडांच्या आड. फोटो बघून हौसेने आलेली माणसं इथे हिरमुसतात. आमचे पुण्याचे काका पहिल्या वर्षी खुर्ची उलटी करून बसले होते. सूर्यास्तच हवा असेल तर सरळ दांडी गाठा. तिथे पश्चिम मोकळी आहे आणि थंडीच्या दिवसांत सूर्य डावीकडे, किल्ल्याच्या बाजूला कलत मावळतो. फक्त डिसेंबरात तो सहाच्या सुमाराला मावळतो हे धरून चाला. साडेसातला जेवायला पोचणाऱ्यांना सूर्यास्ताचे पैसे मोजून अंधारच मिळतो.

खाडीकडे सूर्य नाही, पण चंद्र आहे. पौर्णिमेला तो दिवेलागणीलाच समोरच्या काठावरच्या माडांतून वर येतो. दांडीवर तोच चंद्र गावाच्या, विजेच्या दिव्यांच्या मागून येतो आणि कोणाचं लक्षही जात नाही. सहस्रचंद्रदर्शनाच्या वयाचं माणूस घरात असेल, तर याहून सरस जागा मला माहीत नाही.

आता यातली मेख. किनारपट्टीवरचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि ओहोटी त्याआधी सहा तास, सव्वापाचच्या आसपास. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण जेवणाची वेळ ठरवायला हिशोब पुरतो. म्हणजे पौर्णिमेला चंद्र उगवतो तेव्हा खाडी उतरलेली असते. त्यातून पौर्णिमेचं उधाण, त्यामुळे ओहोटीला पाणी नेहमीपेक्षा जास्तच मागे जातं. एका वर्षी आम्ही हौसेने सहालाच जाऊन बसलो, तर समोर चिखल, त्याचा वास आणि कलंडलेल्या होड्या. आत्या म्हणाली, “यापेक्षा अंगणात बसलो असतो.” साडेआठपर्यंत पाणी परत आलं, हॉटेलच्या बांधाला लागलं आणि चांदणं त्यावर पसरलं. तोवर मुलं जेवून पेंगत होती. तेव्हा पौर्णिमेला खाडीकाठी जायचं तर आठच्या आधी जाऊ नका. अष्टमीच्या आसपास मात्र तिन्हीसांजेला खाडी भरलेली असते, आणि भांगाची भरती असल्याने पाणी फारसं चढत-उतरत नाही. चंद्र अर्धाच, तोही शुक्ल पक्षात मिळतो, पण मुलांना लवकर जेवायला घालता येतं.

दांडीवर हाच हिशोब उलटा लागतो. पौर्णिमा-अमावास्येला पाणी जेवणाच्या मध्यावर चढत असतं. एकदा आमची सोलकढी यायच्या आत लाट टेबलाखाली आली. वाढणारी पोरं हसत हसत टेबलं मागे ओढत होती आणि आजी पाय वर घेऊन बसली होती. नातवंडांना अजून तोच वाढदिवस आठवतो.

वाळू मुलांसाठी सोन्यासारखी. वाट बघायचा कंटाळा येत नाही, कुणी “काका, अजून किती वेळ?” असं विचारायला येत नाही. पण गुडघे धरलेल्या माणसाला रस्त्यापासून टेबलापर्यंतचं वाळूतलं अंतर फार असतं, आणि प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय एका बाजूने रुततात. चाकाची खुर्ची असेल तर विषयच संपला. देवबागला आमच्या हॉटेलात गाडी पायरीपर्यंत जाते आणि खाली लादी आहे. तुम्ही निवडाल त्या ठिकाणी एवढं फोनवर विचाराच, आणि स्वच्छतागृह किती लांब आहे तेही.

वारा तिन्हीसांजेला दांडीवर खारा आणि जोरदार. निरांजन पेटत नाही, केकवरच्या मेणबत्त्या तर नाहीच. खाडीकाठाला माडांचा आडोसा आहे. थंडीत रात्र झाली की जमिनीकडून मतलई सुटतो, तेव्हा दोन्हीकडे शाल लागते.

जेवणाबद्दल थोडक्यात. सुरमई, सरंगा, बांगडा दोन्हीकडे. खाडीकाठी कुर्ल्या, तिसरे, शेवटे, काळुंदर ही खाडीची मासळी विचारून घ्या. मिळेलच असं नाही, मिळाली तर सोडू नका. पंधरा माणसांची मोठी मासळी आदल्या दिवशी सांगून ठेवावी आणि दर नगाचा की वजनाचा ते तेव्हाच ठरवावं, “साईजप्रमाणे” यावर विश्वास टाकून बसू नये. आमच्याकडे मार्गशीर्षातला गुरुवार आला की निम्मं घर शाकाहारी होतं. मग काळ्या वाटाण्याची आमटी, वडे आणि कुळथाची पिठी. केकपेक्षा खापरोळी सांगा. नारळाच्या गोड रसातली ती जाळीदार खापरोळी आजीला कवळीविना खाता येते. काही ठिकाणी ती आगाऊ सांगितल्यावर करून देतात.

मालवणातून देवबाग सुमारे 11-12 किलोमीटर, पण रस्ता अरुंद आहे. सुट्टीच्या आठवड्यात पर्यटकांच्या गाड्या समोरासमोर आल्या की अर्धा तास सहज जातो. दांडी गावाला लागूनच आहे. कोणाला रात्री कुडाळहून गाडी पकडायची असेल तर दांडीच सोयीची, कारण स्टेशन मालवणपासूनच तीसेक किलोमीटर आहे.

वाढदिवस जून-जुलैत येत असेल तर दोन्ही विसरा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो आणि किनाऱ्यावरची टेबलं कधीच उचललेली असतात. त्या दिवसांत घरी सुक्या बांगड्याचा सार आणि भात चांगला.

माझं मत विचाराल तर वाढदिवस सत्तरीच्या पुढच्या माणसाचा असेल तर खाडी, दहाच्या आतल्या मुलाचा असेल तर दांडी. मधल्या वयाच्यांनी बिल भरावं. यंदा आजीचा वाढदिवस सप्तमीला येतोय. भरती सव्वापाचच्या सुमाराला, भांगाची, म्हणजे सातलाही पाणी असेल. देवबागला फोन केलाय. मुलांना दुपारी दांडीवर सोडून, वाळू झटकून, मग गाडीत घालायचं ठरलंय. वाळू झटकायचं काम काकांकडे दिलंय.