कापडाचा जुना व्यापारी डळमळतोय: टिकून राहायचं, डीलर धरायचा की थेट सुरत गाठायची?

सोफा-कुशनचं छोटं दुकान चालवणाऱ्यांपुढे सध्या हा प्रश्न आहे. पुण्यात माझं दुकान आहे आणि महिन्याला चार-पाच सेट होतात, त्या हिशोबाने लिहितोय. ज्यांच्याकडे हॉटेलांची कामं आहेत त्यांचं गणित वेगळं.

आमचे ठोकवाले शेठ दोन वर्षांपूर्वी कापड मोजणारा पोरगा कमी करून स्वतः कात्री घेऊन उभे राहिले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. नंतर शेड कार्डमधले (रंगांचे नमुने लावलेला पुठ्ठा) निम्मे तुकडे ‘बंद झालं’ म्हणून दुमडलेले दिसायला लागले. मग एक दिवस म्हणाले, “भाऊ, या वेळी अर्धे पैसे आधी द्या, मिलवाला माल सोडत नाहीये.” एकोणीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे आगाऊ पैसे मागितले नव्हते.

मी दिले. थ्री प्लस वन प्लस वन सेट, म्हणजे तिघांचा सोफा आणि दोन खुर्च्या, चोपन्न इंच पन्हा, प्लेन कापड, सोळा मीटर. बारा मीटर आलं, ‘उरलेलं सोमवारी’. ते आलं तिसऱ्या आठवड्यात, तेही दुसऱ्या लॉटचं, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेलं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फरक दिसला नाही. गिऱ्हाइकाच्या हॉलमध्ये बाल्कनीचं ऊन आलं आणि दोन्ही खुर्च्या हिरवट दिसायला लागल्या. दोन्ही पुन्हा उसवून नव्याने केल्या. मजुरी माझीच गेली.

एवढं होऊनही शेठना सोडावं असं मी सरसकट म्हणणार नाही.

भावात शेठ आजही डीलरपेक्षा, म्हणजे ब्रँडचं कापड कॅटलॉगवरून मागवून देणाऱ्यापेक्षा, स्वस्त पडतात. पण खरी किंमत आहे ती शेल्फवरच्या मालाची. गिऱ्हाइकाला सोफ्याचा एकच हात बदलायचा असतो, पाऊण मीटर रेक्झिन लागतं. शेठ कटपीसच्या गठ्ठ्यातून ते काढून देतात, वर चार बोटं जास्त सोडतात. ब्रँडचा डीलर पाऊण मीटरसाठी फोनसुद्धा नीट उचलत नाही. दुरुस्तीची कामं जास्त असतील तर हा मुद्दा भावापेक्षा मोठा आहे.

डीलरकडे काय मिळतं? कोड सांगायचा, हवे तेवढे मीटर एका लॉटमधून कापून बहुधा दोन-तीन दिवसांत येतात. बिल चोख. पण उधारी सुरुवातीला जवळपास नाहीच, कॅटलॉगचे पैसे वेगळे, कापलेला माल परत घेत नाहीत. शिवाय कॅटलॉग गिऱ्हाइकाच्या हातात गेलं की ते कोड मोबाइलवर शोधतं आणि आपल्यालाच भाव सांगतं. कापडावरचा नफा उघडा पडतो, मग मजुरी नीट लावावी लागते. आपल्या धंद्यात मजुरी कमी आणि कापडात भर अशी सवय आहे. डीलरकडे जाण्याआधी ती मोडा, नाहीतर तोटा ठरलेला.

थेट सुरत किंवा पानिपतहून मागवायचं तर अख्खा ताका घ्यावा लागतो. बेज, कॉफी असे बारमाही रंग असतील तर ठीक. फुलाफुलांचं डिझाइन घेतलंत तर उरलेलं वीस मीटर माळ्यावर किती वर्षं पडेल ते सांगता येत नाही. चार-पाच सेटवाल्याने या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-तीन दुकानांनी मिळून ताका वाटून घेतला तरच परवडतं.

आता कागद. जीएसटीत इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेत असाल तर अडचणीतल्या व्यापाऱ्याचा पहिला फटका इथे बसतो. त्याने रिटर्नमध्ये बिल दाखवलं नाही तर ते तुमच्या टू-बीमध्ये (जीएसटी पोर्टलवरची तुमच्या खरेदीच्या क्रेडिटची यादी) येत नाही आणि क्रेडिट अडकतं. दर महिन्याला बघा. उलट बाजूने, बिलापासून १८० दिवसांत तुम्ही पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. कंपोझिशनमध्ये (छोट्या दुकानांसाठीची ठरावीक दराची योजना) असाल तर क्रेडिटचा प्रश्नच नाही.

आयकराच्या ४५ दिवसांच्या नियमावरून बाजारात बराच गोंधळ आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नियम असा: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचं. मुदत उलटली आणि वर्षअखेरीलाही बाकी राहिली, तर तो खर्च त्या वर्षी धरला जात नाही, पैसे द्याल त्या वर्षी धरतात. पण हे उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला लागू आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. म्हणजे सुरतेच्या लूमवाल्याकडून थेट घेतलंत तर घड्याळ सुरू होतं, पेठेतल्या शेठकडून घेतलंत तर नाही. आपल्याकडे उधारी शेठच्याच खात्यावर लांबते त्याचं हेही एक कारण.

आणि इथेच मला थोडं ओशाळं वाटतं. शेठ साठ दिवसांची उधारी द्यायचे, मी नव्वदला फेडायचो. माझ्यासारखी कितीतरी दुकानं त्यांच्या वहीत आहेत. मिलवाला त्यांच्याकडे रोख मागतो आणि मधली दरी ते स्वतःच्या खिशातून भरतात. त्यांचा धंदा आटला त्यात आपला हात आहे.

म्हणून मी असं ठरवलंय. नवा सेट, जास्त मीटर, गिऱ्हाईक शेडबाबत काटेकोर असेल तर डीलर. दुरुस्ती, रेक्झिन, कटपीस आणि शेठच्या शेल्फवर डोळ्यांसमोर असलेला ताका हे शेठकडून, पण रोखीने, आणि त्याबद्दल भावात सवलत मागून. मागवायच्या मालाला आगाऊ पैसे नाहीत, ओळख कितीही जुनी असो. मागवलेलं सगळं कापड हातात आल्याशिवाय कात्री लावायची नाही. लॉटचं दीड-दोन मीटर उरलं असेल तर तेही घेऊन ठेवायचं, कारण पुढच्या वर्षी ते दुकान असेलच असं नाही.

जुनी बाकी मात्र आधी मिटवा. माझे अडतीस हजार होते, तीन हप्त्यांत दिले. शेवटच्या हप्त्याला शेठनी वहीत रेघ मारली आणि विचारलं, “आता येणं बंद करणार का?” मी कॉफी रंगाचं साडेसहा मीटर रेक्झिन मोजायला सांगितलं.