अभ्यासिकेत 14 महिने आयपॅड (नववी पिढी) : बॅटरी खरंच किती टिकते

मी पुण्यात नवी पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास करते. 14 महिन्यांपूर्वी आयपॅड घेतला, नववी पिढी, 10.2 इंची, फक्त वायफायवाला, 64 जीबी. घ्यायच्या आधी माझा एकच प्रश्न होता, हा दिवसभर पुरेल का? कारण आमच्या अभ्यासिकेत प्लग पॉइंट फक्त भिंतीकडच्या ओळीला आहेत आणि ती जागा हवी असेल तर पहाटे साडेपाचला येऊन बसावं लागतं. माझी जागा मधल्या ओळीत. सकाळी सातला बसले की रात्री नऊपर्यंत, मध्ये मेसला जेवायला आणि दोनदा चहाला उठणं. म्हणजे चौदा तासांतले नऊ-दहा तास तरी स्क्रीन चालू.

कंपनी, म्हणजे ॲपल, सांगते वायफायवर नेट वापरलं किंवा व्हिडिओ बघितले तर 10 तासांपर्यंत. बॅटरी आहे 32.4 वॉट-अवरची, म्हणजे तिच्यात एकूण तेवढी वीज साठते. मला हा आकडा एमएएचपेक्षा जास्त उपयोगी वाटतो कारण सरळ भागाकार करता येतो, 32.4 ला 10 ने भागलं की कळतं दहा तास हवे असतील तर आयपॅडने सरासरी सव्वातीन वॉटच खाल्ले पाहिजेत, त्याच्या वर गेलात की तास कमी होणार. हे डोक्यात बसल्यावर माझा वापरच बदलला.

मी वहीच्या मागच्या पानावर दोन-तीन आठवडे रोज लिहून ठेवलं होतं किती वाजता किती टक्के, त्यातून आलेलं सांगते. पीडीएफ वाचणं (बालभारतीची पुस्तकं, लोकराज्य, आर्थिक पाहणी) आणि ॲपलच्या पेन्सिलने स्क्रीनवर नोट्स काढणं, ब्राइटनेस 35-40 टक्के, वायफाय बंद, तर तासाला 9 ते 10 टक्के. आधीच डाउनलोड केलेलं लेक्चर बघितलं तरी तेवढंच, हे मला आश्चर्यच वाटलं, मला वाटायचं व्हिडिओ म्हणजे बॅटरी खलास, पण डाउनलोड केलेला व्हिडिओ दाखवायला या चिपला फार कष्ट पडत नाहीत. तेच लेक्चर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लाइव्ह बघितलं तर तासाला 14-15, आणि मोबाइलची बॅटरी जाते ती वेगळीच. ग्रुप डिस्कशनचा व्हिडिओ कॉल 16-17.

आणि सगळ्यात जास्त कशाने जाते तर ब्राइटनेसने. हिवाळ्यात आम्ही मैत्रिणी गच्चीवर उन्हात बसून वाचायचो, उन्हात दिसावं म्हणून ब्राइटनेस पूर्ण, तेव्हा नुसतं पीडीएफ वाचताना तासाला 18-19 टक्के गेले! म्हणजे तोच आयपॅड, तेच पुस्तक, आणि दहा तासांचे थेट साडेपाच तास. तेव्हापासून गच्चीवर जाताना छापील नोट्सच नेते.

डार्क मोडबद्दल पण बोलते कारण प्रत्येक जण तोच सल्ला देतो. मी आठवडाभर लावून बघितला, फरक पडला नाही. कारण याचा स्क्रीन एलसीडी आहे, मागचा दिवा पूर्ण स्क्रीनला लागलेलाच असतो, वर काळं दिसो नाहीतर पांढरं. ओलेड स्क्रीनवर काळा पिक्सेल खरंच विझतो म्हणून तिथे बचत होते. रात्री डोळ्यांना बरं वाटतं म्हणून मी वापरते, बॅटरीसाठी नाही.

आता चार्जिंग. बॉक्समध्ये 20 वॉटचा चार्जर येतो, त्याने 5 टक्क्यांवरून पूर्ण व्हायला मला तीन तासांच्या आसपास लागतात, रात्री जेवून आले की लावते, झोपायच्या आत फुल. दिवाळीत गावी (केजजवळ, बीड जिल्हा) जाताना चार्जर रूमवरच विसरले आणि तिथे काकांच्या जुन्या मोबाइलचा 5 वॉटचा ॲडॅप्टर मिळाला. 32.4 भागिले 5, नुसत्या हिशोबानेच साडेसहा तास, त्यात थोडी वीज उष्णतेत वाया जाते ती धरली तर आणखी जास्त. रात्रभर लावून सकाळी बघितलं तर 71 टक्के, कारण मध्ये लाइट गेली होती आणि कधी आली ते आईलाही कळलं नाही. त्या आठ दिवसांत मी लेक्चर सगळी पुण्यातूनच डाउनलोड करून नेली होती म्हणून निभावलं. ज्यांच्याकडे लाइट जाते त्यांना मनापासून सांगते, हॉटस्पॉटच्या भरवशावर राहू नका, डाउनलोड करा, ब्राइटनेस कमी ठेवण्याच्या खालोखाल फायदा याचाच.

गावाहून परत आल्यावर चार्जर एकच नको म्हणून रस्त्यावरच्या स्टॉलवरून एक स्वस्तातली केबल घेतली होती. चार्ज होताना कनेक्टरपाशी हात लावला तर चटका बसेल इतकी गरम, आणि दोन तासांत जेमतेम 25 टक्के. दुसऱ्याच दिवशी टाकून दिली. तीस हजारांच्या वस्तूला दीडशेची केबल लावायची नाही हे मी आता सगळ्यांना सांगते.

उन्हाळ्याचं पण महत्त्वाचं आहे. हा वापरायचा 0 ते 35 डिग्रीत. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी 38-40 असतं आणि आमची रूम वरच्या मजल्यावर पत्र्याखाली. दुपारी चार्जिंगला लावला तर चार्जिंग अगदी हळू व्हायचं, मागची बाजू तापायची. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेनेच लवकर म्हातारी होते, म्हणून उन्हाळ्यात मी चार्जिंग फक्त रात्री करायचे, जाड कव्हर काढून, फरशीवर ठेवून. गादीवर उशीखाली ठेवून चार्ज करणाऱ्या मुली बघितल्या की मला राहवत नाही, जाऊन सांगतेच.

पेन्सिल पहिल्या पिढीची, ती आयपॅडच्याच पोर्टमध्ये खोचून चार्ज होते. पेपर सोडवताना मध्येच संपली तर 15 सेकंद खोचायची, अर्धा तास चालते. हे खरंच तसंच होतं.

आयपॅडओएसचं (आयपॅडच्या सिस्टीमचं) मोठं अपडेट टाकल्यावर एक-दोन दिवस बॅटरी भराभर उतरते, आत फोटो आणि फायलींची नव्याने जुळवाजुळव चालू असते. घाबरू नका, पण परीक्षेच्या आठवड्यात अपडेट टाकूही नका.

आता 14 महिन्यांनंतर काय? पहिल्या महिन्यात मी एक चाचणी केली होती, वायफाय बंद, ब्राइटनेस 40, फक्त पीडीएफ आणि नोट्स, 100 वरून 10 टक्क्यांवर यायला 9 तास 25 मिनिटं. मागच्या रविवारी तश्शीच परत केली, 8 तास 50 मिनिटं. म्हणजे साधारण सहा टक्के घट. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे 1000 पूर्ण सायकलनंतर 80 टक्के क्षमता राहायला हवी. सायकल म्हणजे प्लग लावणं नाही हं, आज 60 टक्के वापरले आणि उद्या 40 तर दोन दिवस मिळून एक सायकल. माझी रोजची जवळपास एक होते, म्हणजे 400 च्या आसपास झाल्या, त्या मानाने सहा टक्के मला चांगलंच वाटतं. या मॉडेलमध्ये सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ दिसत नाही आणि 80 टक्क्यांवर थांबवायची सोयही नाही, त्यामुळे अशी चाचणी स्वतःच करत राहावी लागते.

हे मॉडेल 2021 चं, 2024 मध्ये कंपनीने बंद केलं, त्यामुळे आता बऱ्याच जणी जुना घ्यायचा विचार करतात आणि मला विचारतात. घ्या, पण विकणाऱ्यासमोर बसून ब्राइटनेस निम्मा ठेवून, नेट बंद करून एक तासभर डाउनलोड केलेला व्हिडिओ चालवून बघा. 10-11 टक्के गेले तर बॅटरी ठीक आहे. 15 च्या वर गेले तर बॅटरी बदलायचा खर्च किमतीतून कमी करायला सांगा, आणि तो तयार नसेल तर उठून या.