जुनी लेथ घरी फिरवायची कशावर: व्हीएफडी, सिंगल फेज मोटर की थ्री फेज मीटर?

खेड्यात जुनी सहा फुटी लेथ घेताना भाव पाडण्यात सगळेच हुशार असतात, पण मोटरची प्लेट कोणी वाचत नाही. पहिले तीच वाचा भाऊ, अर्धा निर्णय तिथंच होऊन जाते.

मोटर २-३ एचपीची, ४१५ व्होल्ट स्टारवाली (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र बांधलेली) असेल तर मी व्हीएफडीच म्हणीन, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी (हर्ट्झ) बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राईव्ह. तीच मोटर डेल्टात (वाइंडिंग टोकाला टोक जोडून त्रिकोणात) जोडली की २३० वर चालते, अन् घरच्या सिंगल फेजवरून व्हीएफडी तेवढंच थ्री फेज काढून देतो. मोटरवरच्या जोडणीच्या डबीतल्या पट्ट्या एका ओळीत आडव्या असल्या तर स्टार, तीन उभ्या असल्या तर डेल्टा. तीनच टोकं बाहेर आली असतील तर वाइंडिंगवाल्याकडून आतला स्टार खोलून सहा काढून घ्या. जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच व्हीएफडी अन् मोटरच्या मधात ठेवायचा नाही, चालू लोडवर फिरवला तर ड्राईव्ह उडू शकते, त्याच्या तारा व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला द्या. आणि बेल्ट बदलायचा कंटाळा म्हणून नॉबनं १० हर्ट्झवर आणून जाड काप घेऊ नका, ताकद राहत नाही अन् मागचा पंखाही मंद होते मंग मोटर तापते.

सिंगल फेज मोटर स्वस्त पडते, गावातला पंपवालाही दुरुस्त करते. पण सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, अन् संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आलं की नुसती हूंऽऽ करत बसते, तशीच चालू ठेवली तर वाइंडिंग गेलीच समजा. व्हीएफडी अशा वेळी ट्रिप होऊन गप बसतो, एवढा फरक. शिवाय हिला पूर्ण थांबवल्याशिवाय रिव्हर्स नाही. महिन्यातून एखादा बुश काढायचा तर चालते.

मोटर ५ एचपीची असेल किंवा गावाचं जॉबवर्क घ्यायचं असेल तर सरळ थ्री फेज मीटर, सोबत सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा), कारण डीपीवरून एक फेज कधी जाईल नेम नाही. शेतपंपाच्या लाईनवर मात्र लावू नका, ती येते पाळीनं, अन् वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये तो अनधिकृत वापर होते.

काहीही घ्या, अर्थिंग पक्की करा. व्हीएफडी टिनाच्या पत्र्याला चिकटवून लावू नका, आपल्याकडचा मे महिना माहीतच आहे. आणि खाली काळी माती असेल तर खोदून मुरूम भरूनच काँक्रीट टाका, ती पावसात फुगते उन्हाळ्यात फाटते, लेथचा बेड जरासा पिळला तरी जॉबला टेपर येते (एक टोक जाड, एक बारीक), म्हणून पाऊस संपला की लेव्हल परत लावून बघा.