ओंडक्यांचं घर की सांगाड्याचं? फिनलंडमध्ये बांधायला घेण्याआधी

प्लॉट हाती आला आणि घर लाकडाचंच हेही ठरलं, की फिनलंडमध्ये खरा प्रश्न एकच उरतो. भिंत आडव्या ओंडक्यांची, म्हणजे इथल्या भाषेत हिर्सी, की उभ्या पट्ट्यांच्या सांगाड्याची? सीएलटीच्या, म्हणजे फळ्यांचे आडवे-उभे थर चिकटवून केलेल्या, तयार जाड भिंती हा तिसरा पर्याय आहे. पण एका कुटुंबाच्या घरासाठी त्याचं गणित बऱ्याचदा जुळत नाही, म्हणून तो इथे बाजूला ठेवतो. माझा कौल सांगाड्याला गेला. तरी ओंडक्यांची बाजू लंगडी मुळीच नाही, आणि ती आधी मांडतो.

ओंडक्याची भिंत एकाच वस्तूची असते. आत प्लास्टिक नाही, थर नाहीत, लपलेली पोकळी नाही. पाणी शिरलंच तर डाग दिसतो आणि भिंत दोन्ही बाजूंनी वाळते. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, त्यामुळे सौनानंतर किंवा मोठ्या स्वयंपाकानंतर आतली हवा लवकर सावरते. पुडासयार्वी गावाने शाळांमधल्या बुरशीच्या त्रासानंतर २०१६ मध्ये सगळं शाळासंकुलच ओंडक्यांचं बांधलं, ते याच विचाराने. अशा घरात राहिल्यावर हिवाळ्यात भिंतीला टेकून बसता येतं, हेही मला महत्त्वाचं वाटतं.

ऊर्जेवरून ओंडके बाद करू नयेत. २०१८ पासून लागू असलेल्या नियमांत साध्या बाह्यभिंतीचं यू-संदर्भमूल्य (दर चौरस मीटरला, अंशामागे किती वॅट उष्णता निसटते ते) ०.१७ आहे. किमान १८० मिमी जाडीच्या ओंडक्यांच्या भिंतीला ०.४० पर्यंतची सवलत आहे. २७० मिमीचा ओंडका साधारण त्या ०.४० च्या आसपास बसतो. बाह्यभिंत १३० चौरस मीटर धरली तर दोघांतला फरक अंशामागे ३० वॅट येतो. बाहेर उणे २० आणि आत २१ अंश असताना जेमतेम सव्वा किलोवॅट जास्त लागतात. दक्षिण फिनलंडच्या हवामानात वर्षाला ढोबळ तीन हजार युनिट उष्णता जादा. जमिनीतून उष्णता खेचणारा पंप असेल तर विजेची हजारभर युनिटं. छतात इन्सुलेशन वाढवून यातलं बरंचसं भरून काढता येतं.

माझ्यापुरता निर्णय झाला तो घर खचण्यावरून.

लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, रेषांना आडवं मात्र आकसतं. ओंडके आडवे रचलेले असल्यामुळे भिंतीची सगळी उंची ही त्या आकसणाऱ्या बाजूचीच बेरीज असते. त्यात छताच्या भाराने सांधे दबतात. चिकटवून बनवलेल्या, कोरड्या ओंडक्यांत मीटरमागे १० ते ३० मिमी खचणं धरतात. अखंड, ओलसर ओंडक्यांत ५० मिमीपर्यंत. २.७ मीटरच्या भिंतीत २० मिमी दराने ५४ मिमी होतात, आणि माळ्यासकट चार मीटर उंची असेल तर ८० मिमी. पहिल्या गरम केलेल्या हिवाळ्यात हालचाल सर्वात जास्त, पुढे काही वर्षं कमी कमी होत जाते.

हे आकडे कंपनीच्या माहितीपत्रकात असतातच. तिथे दिसत नाही ती गोष्ट अशी: घरात जे जे खचत नाही, त्या प्रत्येकाशी भिंतीचा वेगळा तह करावा लागतो.

खिडक्या-दारांपासून पाहू. प्रत्येक उघाड्याच्या दोन्ही कडांना ओंडक्यांच्या टोकांत उभी खाच पाडतात आणि तिच्यात सरकती उभी पट्टी बसवतात. चौकट त्या पट्टीला स्क्रू करायची, ओंडक्याला कधीच नाही. वर खचण्याइतकी फट सोडून ती तागाच्या किंवा लोकरीच्या मऊ इन्सुलेशनने भरायची. ती झाकणारी पाटी एकाच बाजूला ठोकायची. घाईत सुतार ती पाटी वर ओंडक्याला आणि खाली चौकटीला, दोन्हीकडे ठोकतो. मग भिंत चौकटीवर लटकते, दार अडकायला लागतं आणि वरच्या ओंडक्यांमधला सांधा उघडतो. वारा तिथून येतो.

खांब उभ्या लाकडाचे, म्हणून खचत नाहीत. त्यांच्या खाली किंवा वर स्क्रूचे जॅक बसवून भिंतीच्या गतीने ते उतरवावे लागतात. पहिल्या हिवाळ्यात दर महिना-दोन महिन्यांनी पाना घेऊन फिरायचं. एक खांब विसरला की त्यावरची तुळई तिथे उंच राहते आणि जमीन तिरकी होते. तिरपे छपराचे वासे सरकत्या लोखंडी पट्ट्यांवर टेकवायचे, कारण आढ्याखालची त्रिकोणी भिंत जास्त उंच असल्याने वळचणीच्या बाजूपेक्षा जास्त उतरते. विटांची धुराडी जागची हलत नाही, म्हणून छपरावरचा तिचा पत्रा दोन तुकड्यांत, एकावर एक सरकणारा. वरच्या मजल्याच्या सांडपाण्याच्या नळाला सरकता सांधा. जिना एका टोकाला मोकळा. स्वयंपाकघरातली भिंतीवरची कपाटं उभ्या लांबट भोकांतून टांगलेली.

आणि न्हाणीघर. फरशीखालचं जलरोधक अस्तर खचणाऱ्या भिंतीवर चिकटवता येत नाही. त्यामुळे ओंडक्यांच्या आत जमिनीवर उभा असलेला स्वतंत्र सांगाडा करावा लागतो, वर फट सोडून. म्हणजे घरातल्या सर्वात ओल्या खोलीत शेवटी सांगाडा आणि लपलेली पोकळी आलीच. तिथेच माझं मन फिरलं.

यातलं काहीही अशक्य नाही. चांगले हिर्सी-सुतार हे हाताच्या सवयीने करतात. मात्र वीजवाला, नळवाला, फरशीवाला, कपाटं बसवणारा यांतल्या प्रत्येकाला खचणं समजलेलं असावं लागतं, आणि चूक उघडी पडते ती तुम्ही राहायला आल्यावर, एक-दोन वर्षांनी.

आता सांगाड्याचा दोष. ४८ × १९८ मिमीच्या पट्ट्या ६०० मिमीच्या अंतराने, मध्ये इन्सुलेशन, बाहेर वारा अडवणारं बोर्ड, मग किमान दोन-अडीच सेंटीमीटरची हवेशीर फट आणि शेवटी फळ्या. इथवर फारसं बिघडत नाही. सगळा जीव आहे तो आतल्या ०.२ मिमी प्लास्टिकच्या पडद्यात. तो फाटला किंवा नीट जोडला नाही, की हिवाळ्यात घरातली ओली हवा भोकातून भिंतीत शिरते आणि थंड बोर्डाच्या मागच्या बाजूला पाणी होऊन बसते. बुरशी तिथे सुरू होते, दिसत मात्र नाही.

पडदा फाटण्याची नेहमीची जागा म्हणजे विजेचे डबे. उपाय जुना आणि पक्का आहे: पडद्याच्या आत ४८ मिमीच्या आडव्या रिपा मारून वायरी आणि डबे त्या थरात घ्यायचे. त्या थरातही इन्सुलेशन भरता येतं, पण एकूण इन्सुलेशनचा किमान तीन-चतुर्थांश भाग पडद्याच्या बाहेर राहिला पाहिजे, नाहीतर पडदाच थंड पडतो. जोड २०० मिमी एकावर एक, टेप लावून, आणि पट्टी व रीप यांच्यामध्ये दाबलेला. नुसत्या टेपवर कधी विसंबू नका. नळ्यांना रबरी कॉलर. सर्वात जास्त विसरली जाते ती मजल्यांमधली जागा: वरच्या जमिनीच्या तुळया बसवण्याआधी पडद्याची पट्टी त्यांच्या टोकांभोवती गुंडाळून ठेवावी लागते. तुळया बसल्यावर ती घालता येत नाही.

दुसरी जागा खाली. सर्वात खालची आडवी पट्टी जोत्यावर असते, आणि ती बाहेरच्या जमिनीच्या बरीच वर हवी, खाली ओल तोडणारा बिटुमेनचा पट्टा घालून. १९६० ते ८० च्या दशकांतल्या कित्येक फिनिश घरांत जोत्याचं बाहेरचं काँक्रीट वर घेतलं आणि ही पट्टी आत, जमिनीच्या पातळीला किंवा त्याखाली ठेवली. बऱ्याच ठिकाणी ती कुजली. जुनं घर घेणाऱ्यांनी आजही सर्वात आधी हेच तपासावं. बाहेरच्या फळ्या जमिनीपासून ३०० मिमी वर, आणि भिंत बंद करताना लाकडाचा ओलावा १८ टक्क्यांच्या आत. हे दोन नियम पाळले तर जोत्याकडची काळजी बरीच मिटते.

पण सांगाड्याच्या या चुका शोधता येतात, आणि वेळेवर शोधता येतात. पडदा लावून झाला, जिप्सम बोर्ड अजून लागलं नाही, अशा दिवशी दारात पंखा बसवून ५० पास्कल दाबफरक निर्माण करायचा आणि धुराची नळी घेऊन सांधे तपासायचे. गळती तिथेच टेपने बंद होते. चाचणी न केलेल्या घराला नियमात गळतीचं मूल्य (त्या दाबाला बाह्य आवरणाच्या चौरस मीटरमागे तासाला किती घनमीटर हवा निसटते ते) ४ धरावं लागतं. नीट पडदा लावलेलं सांगाड्याचं घर १ च्या खाली येतं. तेवढ्या घट्ट घरात एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. फोडणीच्या वेळी जोरात चालणारा चिमणीपंखा घरातला हवेचा दाब कमी करतो आणि शेकोटीचा धूर उलटा खोलीत येतो. शेकोटीला बाहेरची हवा देणारी स्वतंत्र नळी काँक्रीट ओतण्याआधीच टाका.

कपाटांबद्दलही आधीच ठरवा. भारी कपाटं येणार तिथे जिप्समच्या मागे १२–१५ मिमीचा प्लायवूड घाला. ओंडक्यांच्या घरात हा विचार करावा लागत नाही, हे कबूल.

मन ओंडक्यांवरच असेल तर न खचणारा ओंडका पाहावा, असं मी सुचवेन. त्यात मधल्या लाकडी पट्ट्या उभ्या रेषांच्या चिकटवलेल्या असतात, त्या भार घेतात आणि वरची बरीचशी कसरत वाचते. किंमत जास्त पडते आणि कोपऱ्यांचं जुनं रूप बहुधा लपतं. नेहमीचाच ओंडका घ्यायचा ठरला, तर सही करण्याआधी पुरवठादाराकडून मिलिमीटरमधलं खचणं लेखी घ्या आणि खिडकी, खांब, धुराडी, जिना, न्हाणीघर या प्रत्येक जागेचं रेखाटन मागा. सांगाडा घेणार असाल, तर दाबाची चाचणी आतलं अस्तर लावण्याआधी होईल आणि गळती निघाली तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने होईल, हे करारात लिहून घ्या.