तोच फॉल्ट पुन्हा पुन्हा: डिझेल गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावी की बाहेरच्या डिझेल मेकॅनिककडे?

वॉरंटी संपलेली डिझेल गाडी, चेक इंजिनचा पिवळा दिवा येतो, चार दिवसांनी आपोआप जातो, परत येतो, आणि घरात एकच चर्चा की आता दाखवायची कुठं. मी यातून गेलोय, आठ महिन्यांत तीन वेळा कंपनीचं सर्व्हिस सेंटर आणि मग एकदा बाहेरचा मेकॅनिक. जे लिहितोय ते मुख्यतः माझ्या एका गाडीवरचं आहे, सगळ्यांना लागू होईलच असं नाही, पण सध्या जो याच पेचात आहे त्याला थोडा तरी उपयोग व्हावा. गाडीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या कुठल्याही डिझेलला हा त्रास होऊ शकतो.

गाडी 2018 ची, बीएस 4 (म्हणजे प्रदूषणाच्या आधीच्या नियमांची), तेव्हा 92 हजार किलोमीटर झालेली. आम्ही साताऱ्याचे, महिन्यातून दोनदा तरी पुण्याला जाणं होतं. तेव्हा जाताना खंबाटकीचा बोगदा असायचा त्यामुळे काही जाणवायचं नाही, येताना मात्र घाट चढावा लागायचा, आणि फॉल्ट नेमका तिथंच यायचा. तिसऱ्या गिअरला, पुढं लोड भरलेला ट्रेलर, ओव्हरटेकला पाय दाबला की दिवा लागायचा आणि गाडीतली जानच निघून जायची, ॲक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी चाळीसच्या वर जायला तयार नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा मागच्या सीटवर आई होती, मागून ट्रकवाला हॉर्न मारतोय, आणि घाटात कडेला घ्यायला पटकन जागा मिळत नाही, तेव्हा जी भीती वाटली ती अजून आठवते. कशीबशी बाजूला घेतली, बंद केली, दोन मिनिटांनी चालू केली तर एकदम नॉर्मल. यालाच लिम्प मोड म्हणतात, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, टर्बोच्या प्रेशरचा हिशोब जुळेना की तो इंजिन वाचवायला पॉवर कापतो.

आता सर्व्हिस सेंटर. त्यांचं चांगलं आधी सांगतो, कारण ते खरंच आहे. स्कॅनर कंपनीचा, त्यामुळे गाडीतलं प्रत्येक मॉड्यूल वाचता येतं, पार्ट ओरिजिनल, बिल पक्कं, काय केलं ते कॉम्प्युटरवर राहतं. ईसीयूचा सॉफ्टवेअर अपडेट असेल तर तो तिथंच मिळणार. इंजेक्टर, म्हणजे डिझेल फवारणारा भाग, नवीन टाकला तर त्याच्या डोक्यावरचा कोड ईसीयूत भरावा लागतो, ते काम तिथं बिनचूक होतं. माणसंही नीट बोलतात, कोणी उद्धटपणा केला असं मी म्हणणार नाही.

पण मला ज्या एका गोष्टीनं हैराण केलं ती ही. पहिल्या वेळी गाडी दिली, सगळं सविस्तर सांगितलं, घाट, तिसरा गिअर, चार माणसं. ॲडव्हायझरनं लिहून घेतलं "पिकअप कमी". संध्याकाळी गाडी धुऊन पुसून मिळाली आणि जॉबकार्डवर शेरा होता "कम्प्लेंट नॉट ऑब्झर्व्ड, कोड क्लिअर केला", म्हणजे तक्रार दिसली नाही, फॉल्टची नोंद पुसली. मला आधी वाटलं बरं झालं, दिवा गेला. पुढच्याच फेरीत घाटात परत तेच. दुसऱ्या वेळी डिझेल फिल्टर आणि इनटेकवरचा प्रेशर सेन्सर बदलला, सात हजारांच्या आसपास गेले, कोड परत क्लिअर. परत तेच. तिसऱ्या वेळी मी म्हटलं की जो माणूस काम करणार आहे त्याला माझ्यासोबत घाटात पाठवा, डिझेल मी टाकतो, वेळ तुम्ही सांगा. तसं करता येत नाही म्हणाले, टेस्ट ड्राइव्ह ठरलेल्या रस्त्यावरच होते, आणि मेकॅनिकशी कस्टमरला बोलता येत नाही, जे काय सांगायचं ते ॲडव्हायझरला. मग टर्बो असेंब्ली बदलायचं एस्टिमेट हातात दिलं, 68 हजार.

आता यात झोंबलं काय ते सांगतो, पैसे नंतरची गोष्ट. कोड नोंदवला जातो तेव्हा ईसीयू त्या क्षणाचा एक फोटोच काढून ठेवतो, फ्रीझ फ्रेम म्हणतात त्याला, आरपीएम किती होता, लोड किती, स्पीड किती, इंजिन किती गरम होतं. अधूनमधून येणाऱ्या फॉल्टला तोच एक साक्षीदार असतो. आणि कोड क्लिअर केला की ती फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. म्हणजे मी घाटातून पुरावा घेऊन यायचो आणि ते काही शोधण्याआधी तो पुसून गाडी परत द्यायचे, तीन वेळा. शिवाय टर्बोचं प्रेशर गाडीवर लोड असल्याशिवाय पूर्ण चढतच नाही, जागेवर न्यूट्रलला रेस करून किंवा सपाट सर्व्हिस रोडवर दोन किलोमीटर रिकामी फिरवून हा फॉल्ट दिसणार कसा? "नॉट ऑब्झर्व्ड" खरंच होतं, कारण तो दिसेल अशा ठिकाणी गाडी कोणी नेलीच नव्हती.

त्यांच्या बाजूनंही थोडं बोलायला हवं, दिवसाला तीस-चाळीस गाड्या येत असतील तर एकेकासाठी अर्धा दिवस घाटात घालवणं परवडत नसेल. मला ते समजतं. पण मग हा फॉल्ट तिथं सापडणार नाही हेही तितकंच खरं.

बाहेरचा मेकॅनिक मला मेहुण्याच्या ओळखीतून मिळाला, एमआयडीसीच्या रस्त्याला पत्र्याचं शेड, दोन पोरं हाताखाली, फक्त डिझेलचंच काम. गाडी उभी केली तर बॉनेट उघडायच्या आधी त्यांनी विचारलं, "कुठं होतंय साहेब? कितव्या गिअरला? एसी चालू होता का? गाडीत किती माणसं?" मग स्कॅनर लावला, पी 0299, म्हणजे टर्बोचं प्रेशर मागणीपेक्षा कमी. मी सवयीनं म्हटलं क्लिअर करून बघा, तर म्हणाले थांबा, आधी सगळं लिहून घेऊ. आणि वहीत लिहिलं खरंच, आरपीएम 2,300, लोड जवळजवळ पूर्ण.

साताऱ्याला यवतेश्वरचा घाट गावाला लागूनच आहे. दोन्ही पोरं मागं बसवली, मी चालवायला, ते शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन. स्क्रीनवर दोन आकडे, ईसीयू किती प्रेशर मागतोय आणि प्रत्यक्षात किती मिळतंय. सपाट रस्त्याला दोन्ही आकडे हातात हात घालून चालले होते, घाट लागला, तिसऱ्याला पाय दाबला, मागणी वर गेली आणि मिळणारा आकडा मध्येच अडखळला, पुढच्या वळणाला दिवा लागला. "ऐका," म्हणाले, काच खाली केली, परत दाबायला लावलं, आणि तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आलं, बारीक फुस्स, डाव्या बाजूनं.

शेडवर येऊन गाडी वर घेतली. टर्बोकडून इंटरकूलरला, म्हणजे ती हवा थंड करणाऱ्या भागाला, जाणारा जाड रबरी पाइप, त्याच्या खालच्या बाजूला तेलकट काळा ओघळ, त्यावर धूळ बसून थर झालेला. अंगठ्यानं पुसला तर आत काहीच दिसेना. मग दोन्ही हातांनी पाइप थोडा वाकवला आणि क्लिपच्या जवळ बोटाच्या पेराएवढी चीर उघडली, आतली दोऱ्याची जाळी दिसायला लागली. सोडला की चीर बंद, जशी काही नव्हतीच. टर्बोमागं पाइपात तेलाचा थोडा अंश नेहमीच असतो, हवा जिथून बाहेर पडते तिथं तो साठतो, म्हणून त्यांनी सरळ ओघळच शोधला. नवीन ओरिजिनल पाइप 2,150 चा, मजुरी 800. परत यवतेश्वर, दोन फेऱ्या, आकडे बरोबर, आणि त्यानंतरच कोड क्लिअर केला. 68 हजारांचं एस्टिमेट माझ्या खिशात होतं तेव्हा.

एवढं वाचून बाहेरचाच बरा असं वाटेल, आणि माझा कल तिकडंच आहे हे लपवत नाही, पण बाहेर जाताना काही गोष्टींचा मलाही त्रास झालाय. पावती मागून घ्यावी लागते, पार्टचा खोका आपण स्वतः बघायचा, जुना पार्ट परत मागायचा. सणासुदीला शेड आठ-आठ दिवस बंद. सगळी मॉड्यूल त्यांचा स्कॅनर वाचत नाही. आणि बाहेर सगळेच असे नसतात. त्याच्या आधी एका ठिकाणी विचारलं होतं, तिथं गाडी न बघताच उत्तर आलं की ईजीआरला (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) पत्रा ठोकून बंद करू, सगळे दिवे जातील. हे अजिबात करू नका असं मी मनापासून सांगेन. ईजीआर बंद केला की नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, तो धूर आपल्याच गल्लीतली पोरं श्वासात घेतात, आणि मूळ फॉल्ट तसाच राहतो.

बीएस 6 गाडी असेल, म्हणजे एप्रिल 2020 नंतरची, तर माझा सल्ला थोडा बदलतो. मेहुण्याची तशी आहे, पुण्यात घर ते ऑफिस सात किलोमीटर, सगळा सिग्नलचा रस्ता. त्याचा डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा दर दोन महिन्यांनी. यात मेकॅनिकनं शोधण्यासारखं फार नव्हतं, फिल्टरमधली काजळी जाळायला एक्झॉस्ट तापावा लागतो आणि सात किलोमीटरमध्ये तो तापतच नाही, जळण्याचं काम अर्ध्यात राहतं. मग जाळण्यासाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतं, त्याच्या डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तेव्हा आम्ही घाबरलो होतो. तिथं सर्व्हिस सेंटरलाच गेलो, त्यांनी मशिन लावून रीजनरेशन केलं, म्हणजे काजळी जाळली, ऑइल बदललं, वॉरंटीही शिल्लक होती. आता तो रविवारी अर्धा तास हायवेला एका लयीत गाडी फिरवतो, आरपीएम दोन हजारांच्या वर ठेवून, तेव्हापासून दिवा आलेला नाही. त्यालाही कोणीतरी डीपीएफ आतून पोकळ करून देतो म्हणालं होतं, नाही केलं ते बरं झालं.

इंजेक्टरचा संशय असेल, सकाळी थरथर, पांढरा धूर, ॲव्हरेज कमी, तर मला वाटतं आधी पंप-नोझलवाल्याकडे, म्हणजे डिझेल पंप आणि इंजेक्टरचंच काम करणाऱ्याकडे, जावं. तो चारही इंजेक्टरच्या रिटर्नला (उरलेलं डिझेल परत जातं तो पाइप) पारदर्शक बाटल्या लावून इंजिन चालू ठेवतो, ज्याची बाटली लवकर भरते तो इंजेक्टर गळका. एकच बदलायचा की चारही, हे तिथं डोळ्यांनी दिसतं. सर्व्हिस सेंटरला मित्राला चारही सांगितले होते, निघाला एक. कोडिंग मात्र नंतर नीट करून घ्या.

तर वॉरंटी चालू असेल, डीपीएफ किंवा डीईएफचा (धूर साफ करायला लागणारं युरियाचं पाणी) विषय असेल, चावी, एअरबॅग, सॉफ्टवेअर असेल तर सर्व्हिस सेंटर, तिथं दुसरा विचार नको. पण वॉरंटी संपलेली आणि फॉल्ट ठरावीक जागी ठरावीक वेळीच येणारा असेल, तर जो माणूस तुमच्यासोबत त्या जागी यायला तयार आहे त्याच्याकडे जा, भले त्याचं शेड पत्र्याचं असो. आणि कुठंही गेलात तरी गाडी देताना जॉबकार्डवर स्वतःच्या शब्दात लिहायला लावा, "मला दाखवल्याशिवाय कोड क्लिअर करू नये". ब्लूटूथचा छोटा स्कॅनर हजाराच्या आत मिळतो, दिवा लागला की गाडी सुरक्षित जागी घेऊन कोड आणि फ्रीझ फ्रेमचा मोबाईलवर स्क्रीनशॉट काढून ठेवा. माझा आता डॅशबोर्डच्या कप्प्यातच असतो, त्या जुन्या पाइपाच्या कापलेल्या तुकड्याशेजारी, कोणी विचारलं की वाकवून चीर दाखवतो.